झोनिंग बोर्ड तुमच्या लॉटबद्दल विचारतं

काही वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली संध्याकाळ. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या सभागृहात झोनिंग बोर्डाची बैठक चालू होती आणि बोर्डाचा सदस्य म्हणून मी तिथे बसलो होतो. त्या दिवशीचा तिसरा अर्ज एका मराठी जोडप्याचा होता. कोपऱ्यावरचं घर, आणि तळमजल्याला एक झोपायची खोली व बाथरूम जोडायचं होतं. नवऱ्याने कागद मांडले, बायको बोलायला उभी राहिली. सासूबाईंचे गुडघे, नाशिकचं घर विकून त्यांचं कायमचं इकडे येणं, जिना चढणं अशक्य, नाहीतर दिवाणखान्यात पडदा लावून त्यांची खाट टाकावी लागेल. ती दहा मिनिटं बोलली आणि फार मनापासून बोलली. माझ्या शेजारच्या सदस्याने चष्मा काढून डोळे पुसले.

मग अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या लॉटमध्ये असं काय आहे, जे पलीकडच्या लॉटमध्ये नाही?"

ती नवऱ्याकडे बघू लागली. तो फाइल चाळू लागला. उत्तर त्या फाइलमध्येच होतं, सर्व्हेच्या नकाशावर, पण दोघांनीही त्या नजरेने नकाशा कधी पाहिलाच नव्हता. नकाशा माझ्याही समोर होता. पण अर्जदाराची बाजू सदस्याने मांडायची नसते, आणि बैठकीबाहेर तर अर्जाबद्दल एक शब्दही बोलायचा नसतो. अध्यक्षांनी सुनावणी पुढच्या महिन्यावर नेण्याची सूचना केली, जोडप्याने ती मानली आणि दोघं मान खाली घालून निघून गेले. त्यांच्याशी पार्किंगमध्ये दोन मिनिटं मराठीत बोलावं असं मला फार वाटलं होतं. आता मी बोर्डावर नाही. तेव्हा जे बोलता आलं नाही, ते आता सगळ्यांसाठी लिहितो आहे.

प्रत्येक टाउनशिपने आपल्या जमिनीचे झोन पाडलेले असतात. कुठे फक्त एका कुटुंबाची घरं, कुठे दुकानं, कुठे गोदामं; आणि प्रत्येक झोनमध्ये घर रस्त्यापासून किती आत असावं, बाजूला किती जागा मोकळी सोडावी, लॉटचा किती भाग बांधकामाने झाकावा, उंची किती असावी, याची मापं ठरलेली. संपूर्ण शहरासाठी असे नियम न्यू यॉर्कने १९१६ मध्ये पहिल्यांदा केले. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि मग ते देशभर पसरले. पण नियम नकाशावर बसून केले जातात आणि जमीन नकाशासारखी सरळ नसते. एखादा लॉट त्रिकोणी निघतो, एखाद्यातून ओढा जातो, एखादा नियम येण्याच्या चाळीस वर्षं आधीच अरुंद कापलेला असतो. अशा लॉटवर नियम जसाच्या तसा लावला तर मालकावर अन्याय होतो. म्हणून कायद्यानेच सूट देण्याची सोय ठेवली. तिलाच व्हेरिअन्स म्हणतात.

सूट जन्माला आली ती जमिनीच्या वेडेवाकडेपणामुळे, हे एकदा लक्षात आलं की अध्यक्षांचा तो प्रश्न कोरडा वाटत नाही. गुडघे दुखणं खरं असतं, पण सासूबाईंच्या पश्चात खोली तिथेच राहणार असते. व्हेरिअन्स माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळतो. उद्या घर विकलं तरी तो त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. म्हणून बोर्डाला कायद्याने फक्त जमिनीचीच अडचण मोजता येते. वैयक्तिक अडचण, मग ती कितीही हृदयद्रावक असो, मोजता येत नाही.

मी इथे न्यू जर्सीचा कायदा सांगतो आहे, कारण तोच मला आतून माहीत आहे आणि आपली वस्तीही इथे मोठी आहे. १९७५ चा म्युनिसिपल लँड यूज लॉ हा त्याचा आधार. त्यात व्हेरिअन्सचे दोन मोठे प्रकार आहेत आणि बोलीभाषेत त्यांना कलमाच्या अक्षरांवरून 'सी' आणि 'डी' म्हणतात. आपला अर्ज कोणत्या अक्षराखाली येतो, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

मापातली सूट हवी असेल, म्हणजे सेटबॅक (रस्त्यापासून किंवा हद्दीपासून सोडायचं अंतर), डेकची जागा, कुंपणाची उंची, लॉटवरचं एकूण बांधकाम, तर तो 'सी'. वापरच बदलायचा असेल, म्हणजे एका कुटुंबाच्या झोनमध्ये दोन कुटुंबांचं घर किंवा घराच्या गॅरेजमध्ये खानावळीचा धंदा, तर तो 'डी'. पण दोन गोष्टी मापाच्या दिसत असूनही 'डी'मध्ये जातात आणि तिथे बरेच जण फसतात. एक, लॉटच्या तुलनेत घराचं एकूण चटईक्षेत्र, म्हणजे आपल्याकडचा एफएसआय, इथे त्याला एफएआर म्हणतात. ती मर्यादा ओलांडली तर. दुसरी, मुख्य इमारतीची उंची ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून जास्त वाढली तर. आणखी एक खास आपल्या घरांतली गोष्ट. आईबाबांसाठी तळमजल्यावर वेगळं स्वयंपाकघर करायचं असतं. सोवळं म्हणा, वेगवेगळ्या वेळा म्हणा, कारणं आपल्याला पटतात. पण बाहेर उघडणारं स्वतंत्र दार आणि दुसरं स्वयंपाकघर नकाशावर दिसलं की झोनिंग अधिकारी त्याला दुसरं बिऱ्हाड समजू शकतो. मग साध्या 'सी'चं काम एकदम 'डी' होऊन बसतं. त्यामुळे नकाशा काढून घेण्याआधीच टाउनशिपमध्ये याची चौकशी करा.

अक्षरावर मतांची संख्या ठरते. बोर्ड ७ जणांचं असतं, शिवाय ४ पर्यंत पर्यायी सदस्य असू शकतात. 'सी'ला हजर असलेल्यांपैकी बहुमत पुरतं. 'डी'ला मात्र ५ होकार लागतात, हजर कितीही असोत. त्या रात्री पाचच जण आले असतील तर पाचही तुमच्या बाजूने हवेत. अशा वेळी सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती करण्यात काहीही कमीपणा नाही. मी बोर्डावर असताना पाच जणांसमोर हट्टाने 'डी'चा अर्ज चालवून चार-एकने हरलेली माणसं पाहिली आहेत. महिनाभर थांबले असते तर दोन मतं आणखी होती.

हे सदस्य कोण असतात? बहुतेक ठिकाणी तुमच्यासारखेच रहिवासी: शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, विमा कंपनीतला अधिकारी, प्लंबिंगचा व्यवसाय करणारा. सदस्यत्वाचा पगार नसतो. त्यांच्या शेजारी बोर्डाचा वकील, इंजिनिअर आणि प्लॅनर बसतात. त्यांना मत नसतं, पण त्यांचा अहवाल सुनावणीआधी येतो आणि सदस्य तो बारकाईने वाचतात. तुम्हीही मागून घ्या. तुम्हाला विचारले जाणारे निम्मे प्रश्न त्यात आधीच लिहिलेले असतात.

बोर्ड जरी गावचं असलं तरी ते न्यायालयासारखं काम करतं. साक्ष शपथेवर होते, विरोधकांना तुमची उलटतपासणी घेता येते आणि तुम्हाला त्यांची. निर्णय फक्त समोर मांडलेल्या पुराव्यावर घ्यायचा असतो. म्हणून कुठल्याही सदस्याला घरी फोन करू नका, मंडळाच्या गणेशोत्सवात गाठून "आपलंच काम आहे" म्हणू नका. आपल्याकडे 'ओळख काढणं' हा आपुलकीचा भाग असतो, मला ठाऊक आहे. पण इथे त्या एका वाक्याने त्या सदस्याला अर्जातून बाजूला व्हावं लागतं, आणि तुम्ही तुमच्याच हाताने एक मत घालवता.

आता मुख्य कसोटी. 'सी' मिळवण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट अडचणीची. लॉट विलक्षण अरुंद, उथळ किंवा विचित्र आकाराचा असेल, उतार किंवा खडक असेल, किंवा तिथे कायदेशीरपणे आधीपासून उभ्या असलेल्या बांधकामामुळे काही असाधारण स्थिती असेल, आणि त्यामुळे नियम पाळणं तुम्हाला इतरांपेक्षा जड जात असेल, तर ही वाट. 'त्याशिवाय जमीन निरुपयोगीच होईल' असं सिद्ध करावं लागत नाही. १९९९ मध्ये नॉर्थ कॉल्डवेल गावातल्या लँग खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तिथला लॉट अरुंद होता आणि मालकांना मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव हवा होता. तलावाशिवाय घर वापरता येतच होतं. तरीही अडचण लॉटच्या अरुंदपणातून आलेली आहे, एवढं दाखवणं पुरेसं मानलं गेलं. पण अडचण तुम्हीच ओढवून घेतलेली नसावी. लॉटचा तुकडा गेल्या वर्षी तुम्हीच विकला आणि आता लॉट लहान पडतो म्हणालात, तर बोर्ड ऐकणार नाही. लॉट मुळातच नियमापेक्षा लहान असेल आणि त्यावर नवं घर बांधायचं असेल, तर शेजाऱ्याकडून थोडी जमीन विकत घेण्याचा किंवा आपला लॉट त्याला वाजवी भावात विकण्याचा प्रयत्न केला होता का, हेही विचारलं जातं. त्या प्रस्तावाचं पत्र आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

दुसरी वाट फायद्याची. लॉटमध्ये फार विशेष काही नाही, पण तुम्ही सुचवता ती रचना नियमानुसार केलेल्या रचनेपेक्षा परिसरासाठी सरस आहे, आणि तिचे फायदे तोट्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहेत, असं दाखवता येतं. इथे 'फायदा' या शब्दात लोक अडकतात. वॉरेन टाउनशिपच्या कॉफमन खटल्यात, १९८८ मध्ये, न्यायालयाने सांगितलं की नुसत्या मालकाचं भलं होत असेल तर ही वाट बंद आहे. भलं परिसराचं व्हायला हवं. उदाहरणच देतो. नियमाप्रमाणे गॅरेज मागच्या बाजूला नेलं तर दोन जुनी ओक झाडं तोडावी लागतात आणि ड्राइव्हवेचं डांबर अंगणभर पसरतं. तेच गॅरेज बाजूच्या हद्दीजवळ तीन फूट सरकवलं तर झाडं वाचतात आणि पावसाचं पाणी मुरायला जमीन राहते. हा फायदा रस्त्यावरच्या सगळ्यांचा आहे. कायद्याच्या सुरुवातीलाच झोनिंगचे हेतू मोजून लिहिलेले आहेत: पुरेसा उजेड, हवा आणि मोकळी जागा, योग्य घनता, डोळ्यांना बरा वाटणारा परिसर. तुमच्या योजनेने यातला कोणता हेतू साधतो, हे नाव घेऊन सांगा.

कोणत्याही वाटेने गेलात तरी शेवटी एक फाटक आहेच. त्याला इथले लोक नकारात्मक कसोटी म्हणतात. सूट दिल्याने सार्वजनिक हिताचं लक्षणीय नुकसान होता कामा नये, आणि गावच्या झोनिंगच्या मूळ हेतूलाच धक्का लागता कामा नये. शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये पाणी जाईल का, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर भिंत येईल का, हे प्रश्न इथे येतात. अडचण उत्तम सिद्ध करूनही या फाटकात अडकलेले अर्ज मी पाहिले आहेत, आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं: छताच्या पाण्याचं काय करणार, हे कुणी ठरवूनच आलं नव्हतं.

'डी'ची चढण याहून बरीच उभी आहे. तिथे 'विशेष कारणं' दाखवावी लागतात. साऊथ प्लेनफील्डमधल्या एका मोटेलच्या वादातल्या १९८७ च्या मेडिची निकालापासून हेही समजावून द्यावं लागतं की गावाच्या झोनिंगने हा वापर वगळलेला असताना तुमची सूट त्याच्याशी जुळते कशी. शाळा, रुग्णालय, पाळणाघर अशा स्वभावतः लोकोपयोगी वापरांना वेगळी, थोडी सौम्य पद्धत आहे. १९९२ च्या सिका खटल्याने तिच्या पायऱ्या ठरवून दिल्या. प्रार्थनास्थळंही न्यायालयांनी याच वर्गात धरली आहेत, आणि त्यांना २००० सालच्या केंद्रीय कायद्याचंही संरक्षण आहे. बर्नार्ड्स टाउनशिपने एका मशिदीला चर्चपेक्षा जास्त पार्किंगची अट घातली, तेव्हा २०१६ मध्ये न्यायाधीशांनी ते चूक ठरवलं आणि पुढच्या वर्षी टाउनशिपला सव्वातीन दशलक्ष डॉलरवर तडजोड करावी लागली. मंदिराची कमिटी असेल तर हे माहीत असावं. पण गुरुवारी भजनाला घरी माणसं बोलावणं आणि घराचं मंदिर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी परवानगी लागते, आणि ती आधी लागते. 'डी'साठी वकील आणि परवानाधारक प्लॅनर यांचा खर्च वाचवू नका. 'सी'साठी घरमालक स्वतः उभा राहू शकतो आणि तयारी असेल तर चांगला उभा राहतो. घर कंपनीच्या किंवा एलएलसीच्या नावावर असेल तर मात्र वकील घ्यावाच लागतो.

तयारीची सुरुवात झोनिंग अधिकाऱ्याच्या नकारपत्राने होते. परमिटचा अर्ज करा, तो नाकारला जाईल, आणि कोणत्या कलमाने नाकारला ते त्यात लिहिलेलं असेल. अधिकाऱ्यानेच नियम चुकीचा लावला असं वाटत असेल तर त्याविरुद्ध बोर्डाकडे दाद मागायला २० दिवस असतात. ते निसटू देऊ नका. मग सर्व्हे. पंधरा वर्षांपूर्वी घर घेतानाचा सर्व्हे पुरेलच असं नाही. त्यानंतर तुम्ही घातलेला पॅटिओ आणि शेड त्यात नसते. त्यासोबत मापांसह नकाशे, मालमत्ता कर भरल्याचा दाखला, अर्जाची फी, आणि बोर्डाच्या तज्ज्ञांच्या तपासणीसाठी एस्क्रो म्हणून ठेवायची रक्कम. इथे एक आपल्या सवयीचा गैरसमज दूर करतो. मुंबईत मोकळ्या जागेची कमतरता प्रीमियम भरून माफ होते, तसा प्रीमियम इथे नसतो. फी आणि एस्क्रो हा कामाचा खर्च आहे. तो भरला म्हणून सूट विकत घेतली असं होत नाही.

अर्ज पूर्ण आहे की नाही हे टाउनशिपने ४५ दिवसांत सांगायचं असतं, आणि पूर्ण ठरल्यापासून साधारण १२० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. यात सगळ्यात धोक्याची गोष्ट नोटीस. तुमच्या लॉटपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस हातोहात किंवा सर्टिफाइड पोस्टाने द्यावी लागते, आणि ठरलेल्या पद्धतीने ती जाहीरही करावी लागते. मालकांची अधिकृत यादी टाउनशिपकडून लेखी मागा. ती सात दिवसांत मिळायला हवी. गूगल नकाशावर बघून स्वतः यादी करू नका. एक मालक सुटला किंवा दहाऐवजी नऊ दिवस झाले, तर बोर्डाला अर्ज ऐकण्याचा अधिकारच राहत नाही. समोर सात सदस्य, तुमचा आर्किटेक्ट तासाची फी लावून बसलेला, आणि पोस्टाच्या पावतीवरची तारीख बघून वकील म्हणतात, पुढच्या महिन्यात या. नोटिशीतला मजकूरही साधा आणि पूर्ण असावा: काय बांधायचं आहे, कोणती सूट किती फुटांची, कधी आणि कुठे सुनावणी. "आणि इतर आवश्यक सूट" हे शब्द शेवटी घाला, म्हणजे सुनावणीत एखादी छोटी सूट नव्याने निघाली तर अडणार नाही.

नोटीस पोचण्याआधी मात्र शेजाऱ्यांकडे स्वतः जा. सर्टिफाइड पोस्टाचं जाडजूड पाकीट आलं की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस विरोध करतो. नकाशा घेऊन जा, मागच्या हद्दीवर उभे राहून हाताने दाखवा, भिंत कुठे येईल, खिडकी कुठे. त्यांची काळजी ऐका. अनेकदा ती फार लहान असते: दिवा आमच्या झोपायच्या खोलीवर पडू देऊ नका, एवढीच. ते तिथेच कबूल करा आणि नकाशात लिहून घ्या. सह्यांचं निवेदन गोळा करण्यात वेळ घालवू नका. कागदावरच्या सहीची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून ती पुरावा धरली जात नाही. आणि हे विरोधकांच्या सह्यांनाही तितकंच लागू आहे. शंभर जण विरोधात आले म्हणून अर्ज फेटाळायचा नसतो आणि शंभर जण बाजूने आले म्हणून मंजूर करायचा नसतो. एक शेजारी स्वतः येऊन शपथेवर म्हणाला, "माझी खिडकी तिकडे आहे आणि मला त्रास होणार नाही," तर त्याला वजन आहे.

सुनावणीच्या रात्री मोजून बोला. फोटो तुम्हीच काढलेत, अमुक तारखेला काढलेत, हे सांगा. "त्या रस्त्यावर अमक्याला मिळालं मग मला का नाही" हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा त्याने अर्जाचं नुकसानच केलं. प्रत्येक अर्ज त्याच्या स्वतःच्या जमिनीवर ठरतो. पण तीच माहिती दुसऱ्या रूपात उपयोगी पडते. टॅक्स मॅपवर रंग भरून दाखवा की या दोन गल्ल्यांतल्या तीस घरांपैकी अठरा घरं रस्त्यापासून २५ ते ३० फुटांवर आहेत, म्हणजे तुमचं बांधकाम रांगेबाहेर दिसणार नाही. ही तक्रार नसते, परिसराची साक्ष असते. दोन फूट कमी केलंत तर चालेल का, असं बोर्डाने विचारलं तर लगेच "नाही" म्हणू नका; पाच मिनिटं मागा, बाहेर जाऊन बोला. आणि प्रश्नांवरून हवा विरोधात दिसली तर मतदान होऊ देण्याऐवजी सुनावणी पुढे न्यायला सांगा. नाकारलेला अर्ज जवळजवळ तसाच पुन्हा आणला तर बोर्ड तो ऐकायलाच नकार देऊ शकतं. पुढे नेलेला अर्ज बदलून आणता येतो.

आधीच बांधून झालं असेल तर? हा प्रश्न मला मंडळाच्या कार्यक्रमांत सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारताना आवाज खाली जातो. आपल्याकडे २००१ च्या गुंठेवारी कायद्यासारखे कायदे होत आले, त्यामुळे आधी बांधायचं आणि पुढे कधीतरी नियमित करून घ्यायचं, ही सवय घरोघरी आहे. इथे बोर्ड तो डेक अजून बांधलेलाच नाही असं समजून अर्ज ऐकतं. त्यात घातलेले वीस हजार डॉलर अडचणीत मोजले जात नाहीत. बांधलं म्हणून शिक्षा करायची नसते, पण बांधलं म्हणून सवलतही नसते. आणि नाही मिळालं तर पाडावं लागतं. घर विकायला काढल्यावर हे बाहेर येण्यापेक्षा आज स्वतः जाणं फार बरं.

राज्याराज्यांत शब्द आणि कसोट्या बदलतात, हे दुसरीकडे राहणाऱ्यांसाठी. न्यू यॉर्क राज्याच्या टाउनमध्ये या बोर्डाला झोनिंग बोर्ड ऑफ अपील्स म्हणतात आणि मापाच्या सुटीसाठी तिथे मालकाचा फायदा आणि परिसराचं नुकसान तराजूत घालतात. स्वतः ओढवलेली अडचण तिथे विरोधात मोजली जाते, पण तेवढ्यावरच अर्ज बुडत नाही. टेक्सासमध्ये बोर्डाच्या ७५ टक्के सदस्यांचा होकार लागतो. कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात मापांची सूट लॉटच्या आकारावर, उतारावर किंवा स्थानावरच मिळते आणि वापर बदलण्याची सूट नाहीच. पण "हा लॉट वेगळा कसा?" हा प्रश्न या ना त्या रूपात सगळीकडे येतो.

ते जोडपं एप्रिलमध्ये परत आलं. या वेळी सर्व्हे मोठा करून फळ्यावर लावलेला होता आणि नवराच बोलला. आमचा लॉट कोपऱ्याचा, म्हणून दोन्ही रस्त्यांना पुढची बाजू धरून ३५-३५ फूट सोडावे लागतात. आतल्या लॉटला त्याच बाजूला १० फूट पुरतात. मागे टाउनशिपच्या पावसाच्या पाण्याच्या नळासाठी २० फुटांची पट्टी राखलेली आहे, तिच्यावर काहीच बांधता येत नाही. तिसऱ्या बाजूला गॅरेज हद्दीला टेकलेलं. उरते ती एकच बाजू. घर तिथे रस्त्यापासून ३८ फुटांवर आहे, खोली १४ फुटांची हवी होती. ती आम्ही १२ फुटांची केली, म्हणजे २६ फूट उरतात आणि सूट ९ फुटांची लागते. रस्त्याकडेची सदाहरित झुडपांची रांग तशीच ठेवू. सासूबाईंचं नावही त्याने घेतलं नाही. प्रश्न फक्त इंजिनिअरने विचारला, छताच्या पाण्याबद्दल, आणि त्याचं उत्तर तयार होतं: ड्रायवेल, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. सात मतं, सातही होकार.

मंजुरीनंतर लगेच कुदळ मारू नका. बोर्डाचं लेखी रिझोल्यूशन साधारण ४५ दिवसांत येतं आणि त्यात अटी असतात. त्या जोडप्याच्या रिझोल्यूशनमध्ये झुडपं, ड्रायवेल आणि 'दुसरं स्वयंपाकघर नाही' अशा तीन होत्या. निर्णयाची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस कुणालाही सुपीरियर कोर्टात जाता येतं, आणि नाकारलं गेलं तर तुमच्यासाठीही हीच मुदत आहे. त्या काळात बांधलंत तर जोखीम तुमची. सूट किती दिवसांत वापरायला हवी हे टाउनशिपच्या नियमांत पाहून कॅलेंडरवर लिहा, मग बिल्डिंग परमिट घ्या. आणि रिझोल्यूशनची प्रमाणित प्रत घराच्या डीडबरोबर एकाच पाकिटात ठेवा. वीस वर्षांनी घर घ्यायला आलेल्याचा वकील ती खोली २६ फुटांवर कशी, हे विचारणार आहे.